नामवंतांची गिटार आणि तिची नक्कल

गेल्या वर्षी याच वसंत व्याख्यानमालेत आम्ही तंतुवाद्यांविषयी चार शब्द बोललो होतो. व्याख्यान संपले, आभार झाले, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, आणि एक साठीचे गृहस्थ व्यासपीठाच्या कडेला येऊन उभे राहिले. एका कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. तरुणपणी आठ-दहा वर्षे ते गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत असत. गिटार त्यांची नव्हे, ऑर्केस्ट्राच्या मालकाची. कार्यक्रम आटोपला की ती पुसून पेटीत घालायची आणि परत करायची. पुढे लग्न, मुले, घराचे हप्ते यांत ते वाद्य सुटले ते सुटलेच. आता फंडाचे पैसे हाती आले होते, आणि मनात एकच वस्तू घर करून बसली होती : इंग्लंडमधील पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा डेव्हिड गिल्मूर जी काळी गिटार वाजवी, तिची कंपनीने केलेली हुबेहूब नक्कल. किंमत काही लाखांत. “सर, घेऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही त्या रात्री “हौसेला मोल नसते” असे काहीतरी बोलून मोकळे झालो. दुसऱ्याच्या पैशाने असे बोलणे फार सोपे असते. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना, कारण त्या गृहस्थांच्या पत्नी दोन पावले मागे उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या उत्तराची काळजी स्पष्ट दिसत होती. तेव्हा त्यांचे राहिलेले उत्तर या पानांतून द्यावे, असे ठरविले आहे.

ही नक्कल म्हणजे काय, हे आधी पाहू. फेंडर आणि गिब्सन या अमेरिकेतील दोन जुन्या कंपन्या. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली, तेव्हा तिची किंमत साधारण अडीचशे डॉलर होती. गिब्सनची लेस पॉल त्याच्या दोन वर्षे आधीची. या दोन घाटांच्या गिटारींवर पुढच्या काळातील बहुतेक नामवंतांनी आपली कारकीर्द केली. त्यांची वाद्ये झिजली, रंग उडाला, कडा फुटल्या. आणि १९९०च्या सुमारास कंपन्यांच्या ध्यानात आले की लोकांना नव्या गिटारीपेक्षा ही झिजलेलीच हवी आहे. १९९५ साली फेंडरने मुद्दाम जुनाट केलेल्या नव्या गिटारी विकायला काढल्या. रंग घासून उडवायचा, स्क्रू गंजवायचे, लाकडावर ठोके मारायचे. मग त्यातलीच पुढची पायरी : अमक्याच्या गिटारीवर जिथे ओरखडा आहे तिथेच ओरखडा, जिथे सिगारेटने डाग पडला तिथेच डाग. अशा ठरावीक संख्येच्या नगांना भारी किंमत लावायची.

भारी म्हणजे किती? एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ नावाची काळी स्ट्रॅटोकास्टर २००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. ते पैसे त्याने अँटिग्वा बेटावर काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले. दोन वर्षांनी फेंडरने तिच्या २७५ प्रती केल्या. एकेकीची किंमत २४,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे पावणेअकरा लाख रुपये. अमेरिकेच्या वाट्याच्या १८५ प्रती एका दिवसात संपल्या. आता मजा पाहा. मूळ ब्लॅकी कशी जन्मली? १९७० साली क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर किरकोळ भावात उचलल्या, कारण त्या वेळी त्यांना फारसे कोणी विचारीत नव्हते. त्यांतल्या तीन मित्रांना देऊन टाकल्या. एक जॉर्ज हॅरिसनला, एक पीट टाउनशेंडला, एक स्टीव्ह विनवुडला. उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून त्याने एक गिटार जुळविली. तीच ब्लॅकी. जुन्या बाजारातील तीन गिटारींच्या तुकड्यांची ती गोधडी होती!

याहून गमतीची गोष्ट एडी व्हॅन हेलन याची. कॅलिफोर्नियात वाढलेल्या या पोराला गिब्सनचा जाड आवाज हवा होता आणि फेंडरची चपळ बांधणी. दोन्ही एकत्र असलेली गिटार कोणी करीत नव्हते. तेव्हा त्याने सुमारे पन्नास डॉलरला एक सदोष लाकडी धड आणि ऐंशीला एक दांडी आणली, एका जुन्या गिब्सनमधला पिकअप काढून त्यात बसविला, सायकलच्या रंगाने पट्टे मारले, आणि घोडी नीट बसेना म्हणून तिच्याखाली १९७१ सालचे पाव डॉलरचे नाणे स्क्रूने ठोकले. पुढे त्याची नक्कल करणारे फार झाले, तेव्हा त्यांना चकविण्यासाठी त्याने गिटारीवर एक दुसरा पिकअप आणि एक खटकाही बसवून दिला. दोन्ही निर्जीव, तारेला जोडलेलेच नाहीत. २००७ साली फेंडरने या गिटारीच्या ३०० प्रती काढल्या, प्रत्येकी २५,००० डॉलर. त्यांत नाणे १९७१ सालचेच आहे. आणि तो निर्जीव पिकअपही आहे. नकलाकारांना फसविण्यासाठी केलेली युक्ती अधिकृत नकलेत जशीच्या तशी उतरली, आणि ग्राहकाने तिचेही पैसे मोजले.

यावर कोणी म्हणेल, असेल तसे असेल, पण आवाज तर तोच मिळतो ना? हा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. त्यासाठी विजेच्या गिटारीत आवाज कसा उमटतो, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

आपल्या तंबोऱ्यात तार हलते, तिचे कंपन घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात जाते, आणि भोपळ्यातली हवा हलून आवाज बाहेर पडतो. लाकूड, भोपळा, त्यांची जाडी यांवर तेथे सारे अवलंबून. विजेच्या गिटारीचे धड बहुधा भरीव फळीचे असते. पोलादी तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लहान लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. स्ट्रॅटोकास्टरमध्ये सुमारे आठ हजार वेढ्यांचे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. ही वीज अँप्लिफायरमध्ये वाढवायची आणि कर्ण्यातून ऐकायची. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, रंग तर नाहीच नाही. त्याला फक्त तारेची हालचाल कळते. लाकडाचा, दांडीच्या घट्टपणाचा त्या हालचालीवर काही परिणाम होतोच, पण पिकअप, तार, अँप्लिफायर आणि वाजविणाऱ्याची बोटे यांच्यापुढे तो थोडका. उडालेल्या रंगाचा आवाजाशी संबंध जवळजवळ शून्य.

याचे एक नामी उदाहरण आहे. पीटर ग्रीन या इंग्रज वादकाकडे १९५९ सालची एक लेस पॉल होती. तिचे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की एक विलक्षण, नाकातून गायल्यासारखा पातळ आवाज निघे. पुढे ती गॅरी मूरकडे गेली, आणि आता मेटॅलिका या वाद्यवृंदातील कर्क हॅमेटकडे आहे. त्या आवाजाचे गूढ वर्षानुवर्षे चर्चिले गेले. कारण काय निघाले? दांडीकडच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसला होता! कारखान्यात की दुरुस्तीत, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही पिकअपच्या विजेतील जाड स्वर एकमेकांना खोडून काढीत आणि उरे तो तो पातळ स्वर. गिब्सनने या गिटारीच्या महागड्या प्रती काढल्या आणि मागाहून साध्या कारखानी प्रतीही. पण चुंबक उलटा करणे हे वाद्यदुरुस्तीच्या दुकानातले अर्ध्या दुपारचे काम आहे. आपल्याकडे मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावून घेतात, त्यातलाच हा प्रकार म्हणा. गवई आपल्या गळ्याला मानवेल तशी जवारी उघडून घेतो. अमक्या बुवांच्या तंबोऱ्याला पडलेला टवका आपल्याही तंबोऱ्याला पाडून द्या, असे मात्र मिरजेत कोणी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन घ्या. त्याचा तो भरदार ठोस आवाज ज्या गोष्टींवर उभा होता, त्यांतली एक म्हणजे जाड तारा. पहिलीच तार इंचाच्या तेरा सहस्रांश जाडीची, आणि सारी गिटार अर्धा स्वर उतरवून लावलेली. नवशिक्याने त्या तारा ओढायला जावे, तर दहा मिनिटांत बोटे सोलून निघतील. तारांचा जुडगा काही शे रुपयांना मिळतो. बोटे मात्र बाजारात मिळत नाहीत.

“पण जुन्या वाद्याला काही दैवी गुण असतो” असे मानणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. तो गिटारीवरचा नव्हे, व्हायोलिनवरचा. म्हणजे जेथे लाकडाला खरोखर महत्त्व आहे, तेथला. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ कसलेल्या वादकांना अंधुक उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, आणि तीन स्ट्रॅडिव्हरी व ग्वार्नेरी या जुन्या कारागिरांची, जिची किंमत ऐकूनच छाती दडपावी अशी. बहुतेकांना नवे कोणते नि जुने कोणते, हे ओळखता आले नाही. सर्वांत आवडलेले वाद्य नवे निघाले, आणि सर्वांत नावडते एक स्ट्रॅडिव्हरी होते. स्वतः वाजविणाऱ्यांची ही गत, तर चौथ्या रांगेतील श्रोत्याचे काय सांगावे!

मग झिजेला काही अर्थच नाही का? आहे, आणि मोठा आहे. आयर्लंडच्या रोरी गॅलहरने १९६३ साली कॉर्क शहरातील दुकानातून शंभर पौंडांना एक स्ट्रॅटोकास्टर घेतली. पंधरा वर्षांच्या मुलाला ती रक्कम डोंगराएवढी. हप्त्यांनीच ती फेडायची होती. पुढे ती चोरीला गेली आणि डब्लिनमध्ये एका खड्ड्यात सापडली. तीस वर्षे तो ती वाजवीत राहिला, आणि त्याच्या घामाने तिचा रंग असा काही गेला की उघडे लाकूडच राहिले. १९९५ साली तो वारला. २०२४ साली ती गिटार लंडनमध्ये लिलावात निघाली आणि तिच्या खरेदीदारांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. ती तेथेच शोभते. त्या उघड्या लाकडावर एका माणसाचा तीस वर्षांचा घाम आहे. नकलेवरचे उघडे लाकूड पाहिले की आम्हांला घासकागद आठवतो. कारागिराच्या कौशल्याचा त्यात अपमान नाही, ते काम अवघड आणि बारीक आहे. पण नाटकातल्या राजाच्या जखमेला आपण ‘छान रंगविली’ म्हणतो, तिच्याबद्दल मुजरा करीत नाही.

नकलेचा कळस तर वेगळाच आहे. क्लॅप्टनने १९६६ साली ज्या लेस पॉलवर जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केले, ती त्याच वर्षी चोरीला गेली. तिचा पत्ता कोणाला लागला नाही. तरी २०१० साली गिब्सनने तिच्या प्रती विकल्या! मूळ वस्तू समोर नसताना केलेल्या या नकलेला काय म्हणावे, ते आम्हांला सुचत नाही. चित्रे नि आठवणी यांवरून घडविलेल्या मूर्तीत आणि हिच्यात आम्हांला तरी फरक दिसत नाही. मूर्तीचे आम्हांला वावडे नाही. फक्त मूर्ती मूर्तीच्या भावाने घ्यावी.

पैशाची गुंतवणूक म्हणून घेणारेही पुष्कळ असतात. त्यांनी एक साधा हिशेब करावा. २००६ सालचे २४,००० डॉलर महागाई धरता २०२४ साली सुमारे ३७,००० होतात. म्हणजे एवढी किंमत आली तर गिऱ्हाईक जागच्या जागी उभे राहिले, नफा काहीच नाही. शिवाय मधल्या वर्षांचा विमा, दुरुस्ती, विक्रीची दलाली. १९५८ ते १९६० च्या लेस पॉल आज सोन्याच्या मोलाच्या का झाल्या? त्या वेळी त्या खपल्या नाहीत म्हणून कंपनीने बंद केल्या. ज्यांनी घेतल्या त्यांनी त्या वाजविल्या, आपटल्या, विकून टाकल्या. मोजक्याच चांगल्या राहिल्या. तीनशे नगांची प्रत मात्र पहिल्या दिवसापासून काचेच्या कपाटात जाते आणि तीनशेच्या तीनशे नग धडधाकट राहतात. हुकुमाने निर्माण केलेले दुर्मीळपण आणि काळाने केलेले दुर्मीळपण ही एक नव्हेत.

आता गिल्मूरच्या त्या काळ्या गिटारीकडे येऊ, कारण मुख्य प्रश्न तिचाच होता. ती त्याने १९७० साली न्यूयॉर्कच्या एका दुकानातून घेतली. पुढे पंधरा-सोळा वर्षे तो तिच्यावर सतत काहीतरी करीत राहिला. दांडी अनेकदा बदलली. पिकअप बदलले. तारांवरची पट्टी पांढरी होती ती काळी केली. एक जादा खटका बसविला. स्वर हलविण्याची दांडी कापून आखूड केली. धडात भोके पाडली, मग बुजविली. इतके झाल्यावर मूळची गिटार म्हणून लाकडी धड आणि थोडेफार काही, एवढेच राहिले. तिच्याविषयी त्याला फार हळवेपण नसावे, कारण मध्यंतरी अकरा वर्षे ती डॅलसच्या एका उपाहारगृहात भिंतीवर लटकत होती! २०१९ साली त्याने आपल्या शंभरावर गिटारी लिलावात काढल्या. काळी गिटार ३९,७५,००० डॉलरला गेली, त्या वेळेपर्यंतच्या लिलावांत कोणत्याही गिटारीला न मिळालेली किंमत. एकूण दोन कोटी डॉलरांच्या वर रक्कम जमली आणि ती त्याने पृथ्वीच्या हवामानासाठी कायद्याने झगडणाऱ्या संस्थेला दिली. आणि स्वतःचे काय? फेंडरने केलेल्या नकला आपल्याकडे आहेत, त्यांवर आपले भागेल, असे त्याने सांगितले.

म्हणजे नकलेची सर्वांत मोठी शिफारस खुद्द मालकाचीच झाली. आम्ही ती नाकारीत नाही. वाद्य उत्तमच असते. मोजमापे काटेकोर असतात. मूळ वस्तू संग्रहालयात गेल्यावर रोजच्या रपाट्याला नक्कल उपयोगी पडते. व्हॅन हेलनही आपल्या गिटारीच्या नकला रंगमंचावर वाजवी, आणि त्यांतलीच एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०११ साली मागून घेतली. पण गिल्मूरने नक्कल का घेतली, हे नीट पाहा. ती त्याच्या हाताला बसलेल्या अवजाराची जोडगोळी होती. त्याच्या हाताचे माप आमच्या नि तुमच्या हाताला बसेलच, असे कोणी सांगितले? वर्षानुवर्षे स्क्रूड्रायव्हर चालवून त्याने वाद्य आपल्याजोगे करून घेतले. काही लाख मोजून नक्कल घेणारा माणूस मात्र तिच्यावर स्क्रूड्रायव्हर चालवीलच कसा? किंमत उतरेल ना! क्लॅप्टन, व्हॅन हेलन, गिल्मूर या तिघांनी जे केले, तेवढेच काय ते त्याला करता येत नाही.

म्हणून आमचे मत असे : ज्याची शिल्लक इतकी आहे की हे पैसे गेल्याचे त्याला जाणवणार नाही, त्याने खुशाल घ्यावी आणि भरपूर वाजवावी. ज्याला जाणवणार आहे, त्याने घेऊ नये. त्याच घाटाची साधी, चांगली बांधलेली गिटार घ्यावी, अँप्लिफायरवर हात आखडू नये, आणि हव्या त्या आवाजाचा पिकअप बसवून घ्यावा.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना पुढे घरी जाऊन सांगितले. चहा होत होता. त्यांना गिल्मूरचे कोणते वादन इतके आवडते, हे विचारले. ‘द वॉल’ या १९७९ सालच्या तबकडीतील शाळेवरच्या गाण्याचा गिटारीचा तुकडा, ते म्हणाले; ऑर्केस्ट्रात असताना तो ऐकून रात्रभर झोप आली नव्हती. आम्ही क्षणभर घुटमळलो. तो तुकडा काळ्या गिटारीवरचा नाहीच. तो सोनेरी रंगाच्या १९५५ सालच्या गिब्सन लेस पॉलवर वाजविलेला आहे, आणि तीही त्याच लिलावात ४,४७,००० डॉलरला गेली. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग मोठ्याने हसले. त्यांच्या पत्नीही हसल्या. आमच्या देखत त्या प्रथमच हसल्या असतील.

पुढे महिनाभराने त्यांनी मुंबईहून एक साधी काळी स्ट्रॅटोकास्टर घाटाची गिटार आणि एक बऱ्यापैकी अँप्लिफायर आणला; फंडातील मोठा भाग बँकेतच राहिला. बोटांचे जुने घट्टे केव्हाच गेले होते, ते पुन्हा पडायला दिवाळी उजाडली. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. त्यांनी स्वतः पिकअप बदलला, पण आता गिटार सारखी गुणगुणते, तारांना हात लावला तरी थांबत नाही. घोडीची जमिनीची तार नीट जोडली गेली नसावी, असा आमचा अंदाज आहे. येत्या रविवारी डाग देण्याचे सामान घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.